मोजण्याचे व्याकरण

परकी भाषा शिकू लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी पडतात. एक नमस्कार आणि दुसरे अंक. पुष्कळांचे शिक्षण तेथेच थांबते. आम्हीही तेथेच थांबायचे ठरवले होते, पण नमस्कार मागे पडला आणि अंकांपाशी आम्ही अपेक्षेपेक्षा फार जास्त रेंगाळलो. आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवणारे तिघे, सगळे चाळिशीतले. (चाळिशी या शब्दाचा दुसरा अर्थही आम्हा तिघांना आता लागू पडतो.) जपानी भाषेविषयी अधिकारवाणीने काही सांगावे, असा या लेखाचा हेतू नाही. त्या भाषेत मोजायला शिकताना मराठीतल्या मोजण्याविषयी जे प्रश्न समोर आले, ते साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांपुढे ठेवावेत, एवढेच प्रयोजन आहे.

आमच्या शहराला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, जपानी पाहुणा नवा नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आराई काम्पो हे चित्रकार १९१७ च्या सुमारास इकडे आले होते. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि परिसरातील पर्यटनसुविधांसाठी जपानच्या कर्जसाहाय्यातून प्रकल्प सुरू झाला, तो १९९० च्या दशकात; त्याचा दुसरा टप्पा २००३ नंतरचा. बुद्धाच्या ओढीने आलेला जपानी प्रवासी वेरूळला निघाला की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. आमचा एक माजी विद्यार्थी या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावचा. मराठी घेऊन एम. ए. झाला, काही वर्षे नोकरीची वाट पाहिली आणि मग पाहुण्यांना किल्ला दाखवू लागला. जपानी तो आधी ऐकून शिकला, मग वर्गाला जाऊन. २०२० च्या मार्चमध्ये देशातली संरक्षित स्मारके बंद झाली तेव्हा दाखवायला किल्ला नव्हता आणि पाहायला पाहुणे नव्हते. त्या रिकाम्या महिन्यांत घरी बसून त्याने जपानी आकडे पक्के केले. "बाकीची भाषा हातवाऱ्यांवर निभावते, सर, पैशाची गोष्ट आली की आकडाच लागतो," असे तो सांगतो. आम्हाला मोजायला त्यानेच शिकवले. ज्याला आम्ही व्याकरण शिकवले तो समोर बसून आमची तोंडी परीक्षा घेत असे, आणि परीक्षक म्हणून तो आमच्यापेक्षा कडक होता.

सुरुवात सुखाची होती. इची, नी, सान, योन, गो, रोकु, नाना, हाची, क्यू, जू. हे दहा शब्द पाठ झाले की नव्याण्णवपर्यंतची वाट मोकळी होते. तेवीस म्हणजे नी-जू-सान, अर्थात दोन दहा तीन. बहात्तर म्हणजे नाना-जू-नी, सात दहा दोन. अंक जसे लिहिले तसेच उच्चारले. मराठी मुलाची गोष्ट निराळी. त्याला एक ते शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे कमवावा लागतो. एकटा 'दोन' पाहा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एका अंकाने इतकी रूपे घेतली, आणि त्यांत मूळचा 'दोन' कोठेच ओळखू येत नाही. शिवाय लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस यांची आणखी वेगळी तऱ्हा: पुढच्या दशकाला एक उणे आहे, हे आधीच सांगून ठेवायचे. इतिहास जाणणाऱ्याला ही रूपे प्रिय असतात, कारण संस्कृतापासून प्राकृतमार्गे मराठीपर्यंतची झीज त्यांत दिसते. सात वर्षांच्या मुलाला तो इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त शंभर शब्द दिसतात.

या सुखाला दुसऱ्याच आठवड्यात ओहोटी लागली. आमच्या विद्यार्थ्याने टेबलावर तीन पेन्सिली ठेवल्या आणि मोजायला सांगितले. आम्ही एका सुरात 'सान' म्हणालो. तेवढ्याने चालत नाही. जपानी भाषेत नुसती संख्या वस्तूला चिकटत नाही. मध्ये एक मोजशब्द लागतो, आणि तो वस्तूच्या जातीप्रमाणे बदलतो. लांब आणि बारीक वस्तूला 'होन', कागद, ताटली, सदरा अशा पसरट वस्तूला 'माई', पुस्तकाला 'सात्सु', यंत्राला आणि वाहनाला 'दाई', लहान प्राण्याला 'हिकी', मोठ्या जनावराला 'तो', पक्ष्याला 'वा'. सशाची गणना परंपरेने पक्ष्यांच्या 'वा'मध्ये होते. मोजशब्द संख्येला जोडताना पुन्हा संधी होतो: एक पेन्सिल 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सानबोन', सहा 'रोप्पोन'. म्हणजे नव्याण्णवपर्यंत सरळ वाटणारी ही भाषा वस्तूपाशी आल्याबरोबर आपली सगळी वळणे उघड करते. किल्ल्याची पायरी मोजायची तर एक शब्द, मजला मोजायचा तर दुसरा.

हे सारे विचित्र वाटावे, तेवढ्यात आम्हाला आमचीच भाषा आठवली. आम्ही तिघे. 'तीन' नव्हे, 'तिघे'. मराठीत पुस्तके तीन असतात, झाडे तीन असतात, माणसे मात्र तिघे किंवा तिघी असतात. एकटा, दोघे, तिघे, चौघे. आणि त्यापुढे ही खास रूपे आटतात व आपण पाच जण, सहा जणी असे म्हणू लागतो. जपानीत एक माणूस 'हितोरी', दोन माणसे 'फुतारी', आणि तीनपासून पुढे संख्येला 'निन' जोडायचे: सान-निन, गो-निन. ('चार'चे रूप तेवढे थोडे बदलते, 'यो-निन'.) म्हणजे त्यांच्याकडे खास रूपांचा मान दोघांपर्यंत, आपल्याकडे चौघांपर्यंत, नंतर त्यांचा 'निन' आणि आपला 'जण' एकाच कामाला उभे राहतात. या दोन भाषांचे नाते नाही, तरी माणसाला वस्तूसारखे मोजू नये, ही जाणीव दोघींना झाली आणि दोघींनी ती व्याकरणात मुरवली. आपल्याकडे त्यात लिंगभेदाची भर पडली. आमच्यात दोन पुरुष आणि एक स्त्री असल्यामुळे 'तिघे' म्हणायचे, आणि त्या 'तिघे'त आमच्या सहकारी बाई व्याकरणाने दिसेनाशा होतात. जपानी 'सान-निन'मध्ये पुरुषही दिसत नाही आणि स्त्रीही लपत नाही.

आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत संख्याविशेषणांचे गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि अनिश्चित असे प्रकार आपण शिकवतो. 'दोघे', 'तिघे' यांना या चौकटीत जागा मिळते, पण त्यांचे वेगळेपण तेथे झाकून जाते. आणि मराठीची वस्तूच्या आकाराकडे पाहण्याची दृष्टी शोधायची तर ती या प्रकरणात सापडतच नाही. ती शाळेच्या एका दुर्लक्षित स्वाध्यायात आहे: समूहदर्शक शब्द. आंब्यांची अढी, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, किल्ल्यांचा जुडगा, उसाची मोळी, केळ्यांचा घड, पक्ष्यांचा थवा. गुण मिळवण्यासाठी पाठ करायची ही यादी म्हणजे वस्तुतः मराठीचे मोजशब्द आहेत. फरक एवढाच की जपानी भाषा एकट्या वस्तूची घडण पाहून शब्द निवडते, तर मराठी भाषा त्या वस्तू एकत्र कशा आल्या आहेत ते पाहते. चवड आणि उतरंड दोन्ही एकावर एक रचलेल्या. परंतु चवडीत भाकरी भाकरीसारखीच असते, आणि उतरंडीत मोठे मडके खाली व लहान वर. पोते थप्पीत जाते, नाणे चळतीत. हाताने रचणाऱ्या माणसाचे भान या शब्दांत आहे. या दृष्टीने पाहिले की 'सोपी भाषा' नावाची कल्पनाच डळमळू लागते. प्रत्येक भाषा आपल्या बोलणाऱ्याकडून स्मरणाचा काही कर घेतेच. जपानीने तो मोजशब्दांवर बसवला, मराठीने एक ते शंभरवर आणि समूहांवर.

किल्ल्यात गेलो तेव्हा या विचाराला एक अनपेक्षित धागा मिळाला. आज भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू चौदाव्या शतकात मशीद म्हणून उभारली गेली, आणि तिच्यासाठी जुन्या मंदिरांचे खांब वापरले गेले. खांबांच्या त्या रांगांत उभे राहून आमचा विद्यार्थी म्हणाला, "खांबाला जपानीत हाशिरा म्हणतात. मोजायला मात्र 'होन' लावायचा, खांब लांब आहे म्हणून. 'हाशिरा' हा मोजशब्द वापरायचा तो देव मोजताना." जपानी परंपरेत देव खांबांनी मोजतात: एक देव म्हणजे 'हितो-हाशिरा', शब्दशः एक खांब. देवळाचे खांब मशिदीला आणि मशिदीचे खांब भारतमातेला आधार देत आले, अशा जागी ही गोष्ट कानावर पडली. त्यावर भाष्य करण्याची आम्हाला गरज वाटली नाही. आपल्याकडच्या 'तेहतीस कोटी' देवांच्या हिशेबाची मात्र आठवण झाली, जिथे 'कोटी' ही संख्या की 'प्रकार', याचा वाद अजून मिटलेला नाही.

मोठ्या संख्यांनी आम्हाला आणखी दूर नेले आणि आश्चर्य असे की पुन्हा देवगिरीलाच आणून सोडले. जपानीत दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, 'मान'. त्यापुढची गणती हजाराने किंवा लाखाने होत नाही, मानाने होते. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आपला एक कोटी म्हणजे एक हजार मान, आणि दहा कोटी झाले की नवा शब्द, 'ओकु'. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सव्वाअकरा कोटी होती; पाहुण्याला ती एक ओकु आणि साडेबाराशे मान अशी सांगावी लागते. आमचा विद्यार्थी हा हिशेब चालता चालता करतो. आम्हाला तो वहीत मांडावा लागतो. परंतु दहा हजारांचे स्वतंत्र स्थान मराठीच्या पूर्वजांनाही परके नव्हते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (ग्रंथ ११५० चा) एक, दश, शत, सहस्र यांच्यानंतर 'अयुत' येते, ते दहा हजारच. त्यानंतर लक्ष, प्रयुत, कोटी असे करीत संख्यास्थानांची नावे परार्धापर्यंत जातात. मराठीने लाख आणि कोटी ठेवले, अयुत सोडून दिले.

भास्कराचार्यांचे घराणे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला होते. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा १२०७ चा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण मठाला कोणत्या मालातून किती उत्पन्न द्यायचे, हा व्यवहाराचा तपशील आला की भाषा मराठी होते. वंशगौरव संस्कृतात, हिशेब मराठीत. मराठी ग्रंथलेखनाच्या अगदी प्रारंभकाळात आपली भाषा दगडावर मोजताना दिसते, याकडे साहित्याच्या इतिहासाने थोडे अधिक लक्ष द्यायला हवे.

दुसऱ्या टोकाला जपानीतल्या अतिप्रचंड संख्या आहेत. योशिदा मित्सुयोशी यांच्या 'जिन्कोकि' या १६२७ च्या गणितग्रंथाच्या परंपरेने त्या लोकांपर्यंत पोचल्या. चीनमार्गे आणि बौद्ध ग्रंथांमार्गे गेलेली ही नावे मराठी वाचकाला सहज ओळखू येतील. 'गोगाशा' म्हणजे गंगेची वाळू. आजच्या रूढ मोजणीत ती एकावर बावन्न शून्ये. 'असोगी' म्हणजे असंख्येय. 'नायुता' म्हणजे नयुत. आणि लहानात लहान अंशांच्या यादीत 'सेत्सुना' आहे, ते आपले क्षण. वेरूळकडे निघालेल्या पाहुण्याच्या भाषेत गंगेची वाळू एक संख्या होऊन बसली आहे, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. आपल्यालाही ते ठाऊक नसते.

ही देवाणघेवाण दाखवून 'आपण जगाला दिले' असा सूर लावणे फार सोपे आहे. आम्हाला तो सूर लावायचा नाही. जे शब्द आपण दिले ते त्यांच्याकडे कोशात आहेत, आणि जे आपल्याजवळ होते ते आपल्या तोंडून निसटत आहेत, ही गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. उदाहरणार्थ, जपानीत 'सव्वा' नाही, 'दीड' नाही, 'अडीच' नाही. दीड म्हणायला त्यांना 'एक आणि अर्धा' असे दोन भाग जोडावे लागतात. मराठीने हे अपूर्णांक एकसंध शब्दांत घडवले. साडेतीनला 'औट' हा शब्द होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मुले तोंडपाठ म्हणत. आज आमच्या वर्गात पाऊणेदोन म्हटले की काही चेहरे घड्याळ शोधतात. 'औट' शब्दाचा क्रिकेटशी संबंध लावला जातो. औटकी गेल्याचा शोक आम्ही करीत नाही. गणकयंत्र हाती असताना ती कोण घोकणार? पण शब्द गेला की त्या शब्दाने दिसणारे प्रमाणही दिसेनासे होते.

याच संदर्भात २०१९ चा वाद आठवतो. त्या वर्षीच्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची पर्यायी रीत आली: बहात्तरला 'सत्तर दोन', त्र्याण्णवला 'नव्वद तीन'. जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो, म्हणून ही रीत, असे गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. त्या गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि विधिमंडळातही तिची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांत आमच्या क्षेत्रातलेही बरेच होते. आमच्या विद्यार्थ्याची मुलगी त्या वर्षी नेमकी दुसरीत होती. तो सांगतो की शाळेत 'सत्तर दोन' म्हटलेले तिला दोन दिवसांत कळले, आणि घरी आजीसमोर 'बहात्तर' म्हणायला तिला वर्षभर लागले. पण लागले तेवढेच, त्यानंतर ती दोन्ही म्हणू लागली. "जपानीत सगळेच 'सत्तर दोन' म्हणतात, मॅडम, आणि त्यांची भाषा काही बुडाली नाही," असे त्याने आमच्या सहकारी बाईंना सुनावले.

त्याच्या या वाक्यावर आमच्यात एकमत नाही. एकाचे मत असे की मुलाला गणित कळणे महत्त्वाचे; बावन्न आणि बासष्ट यांचा गोंधळ होऊन जे मूल गणिताला कायमचे घाबरते, त्याच्यापुढे भाषेच्या इतिहासाची थोरवी गाणे निर्दयपणाचे आहे. दुसऱ्याचे म्हणणे, 'छत्तीसचा आकडा', 'तीन तेरा वाजणे', 'बावनकशी', 'साठी बुद्धी नाठी' हे सगळे ज्या शब्दांवर उभे आहे, ते शब्द मुलाला न देणे म्हणजे त्याला भाषेच्या ओसरीवरच बसवून ठेवणे. आणि बाईंचे म्हणणे असे की हे भांडणच चुकीच्या जागी चालले आहे. 'सत्तर दोन' की 'बहात्तर' असा सामना रंगवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात मुले 'सेव्हंटी टू' म्हणतात. भाजीवाली बहात्तर म्हणाली की पदवीधर मुलगा 'म्हणजे किती?' असे विचारतो, आणि ती बिचारी त्याच्यासाठी इंग्रजीत सांगते. तिने दोन भाषांत मोजायचे आणि याने एकाही भाषेत पुरते नाही. आम्हा दोघांना यावर उत्तर सुचले नाही.

जपानी माणसाने दोन मोजण्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. इची, नी, सान ही चिनी वळणाची. हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु ही त्यांची स्वतःची, फक्त दहापर्यंत उरलेली. या देशी अंकांची गंमत अशी की दुप्पट होताना व्यंजन तेच राहते आणि स्वर बदलतो: तीन 'मि' तर सहा 'मु', चार 'यो' तर आठ 'या'. महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा अजूनही याच जुन्या शब्दांनी म्हणतात, आणि पहिल्या तारखेच्या 'त्सुइताची' या नावाच्या मुळाशी नवा चंद्र निघणे आहे, जशी आपली प्रतिपदा. 'चार'चा चिनी उच्चार 'शी' मृत्यूवाचक शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून बहुतेक वेळी देशी 'योन' त्याच्या मदतीला धावतो. म्हणजे जुनी मोजणी तेथे संग्रहालयात ठेवलेली नाही, तिला अजून कामे आहेत. मराठीतही 'बहात्तर'ला काम असेल तरच ते टिकेल. अभिमानाच्या लेखांनी ते टिकणार नाही, या लेखानेही नाही.

म्हणून यंदा आम्ही एक साधा उपक्रम केला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या तासाला सांगितले की घरी आणि बाजारात माणसे काय आणि कसे मोजतात, ते ऐकून आठ शब्द लिहून आणा. पुस्तकातले चालणार नाहीत. निम्म्या मुलांनी पुस्तकातलेच आणले. उरलेल्यांच्या वह्यांत मात्र पानांची कवळी आली, कडब्याची पेंढी आली, सुताची लड आली. पैठणकडच्या एका मुलीने लिहिले होते की तिची आजी धान्य मापताना पहिल्या मापाला कधीच 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणते, आणि मग दोन, तीन असे पुढे जाते. का, असे मुलीने विचारले, तेव्हा आजीने तिला पायली हातात दिली आणि तूच माप म्हणाली. मुलीने वहीत पुढे लिहिले आहे: लाभ, दोन, तीन, असे करीत अकरा पायल्या झाल्या, आणि वर एक अधोली.